घरच्या गणपतीचे फोटो मोबाईलवर: काळवंडलेला चेहरा, माळांचे पट्टे आणि हललेली आरती

निशिगंध (धागाकर्ती)

चतुर्थी जवळ आली म्हणून विचारतेय. फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड, मागे तीन कॅमेरे, फोटोतलं ज्ञान शून्य. शाडूची फूटभर उंचीची मूर्ती, लाकडी मखर, मागे लाल साटीनचा पडदा, कडेने एलईडीच्या माळा आणि मूर्तीच्या मागे फिरतं एलईडी चक्र.

अडचणी तीन. बाप्पाचा चेहरा काळा येतो आणि चक्राचा नुसता पांढरा गोळा होतो. माळा लावल्या की फोटोभर आडवे काळपट पट्टे उमटतात. आणि आरतीत सगळेच हललेले येतात. "नवीन फोन घ्या" सोडून काहीही सुचवा.

दिवेलागण

नवीन फोन घेतलात तरी पहिली अडचण जशीच्या तशी राहील. आधी दिव्यांकडे बघू, फोन नंतर.

चौकटीत जे काही आहे त्या सगळ्याचा हिशोब करून फोन फोटो किती उजळ काढायचा ते ठरवतो. चक्र मूर्तीच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी पट उजळ. ते सांभाळायला फोन सगळाच फोटो खाली ओढतो आणि चेहरा बुडतो. एचडीआर (कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करणं) थोडी मदत करतं, पण इतका फरक त्यालाही झेपत नाही.

म्हणून मूर्तीचे मुख्य फोटो चक्र बंद करून काढा. चक्रासकट एखादा हवाच असेल, तर चक्रावर बटर पेपरचे दोन-तीन थर चिकटवा (समई-निरांजनापासून लांब) आणि समोरचा उजेड वाढवा. दोन्हीकडून फरक कमी केला की मधलं काहीतरी हाती लागतं.

समोरचा उजेड कुठून आणायचा? सर्वांत चांगला सकाळी आठ ते दहामधला, खिडकीचा. खिडकी मूर्तीच्या एका बाजूला आणि किंचित पुढे असावी. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, मूर्तीपासून दीडेक फुटावर मोठी पांढरी कार्डशीट उभी करा. सावलीकडचा गाल, सोंडेची आतली कड, हातातला मोदक, सगळं उघडं पडतं. (पूर्वी यासाठी थर्माकोलची शीट वापरत. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, आणि कार्डशीट तितकंच काम करते.)

मूर्तीच्या बरोबर डोक्यावरचा दिवा मात्र बंद ठेवा. मुकुटाची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि आखणी कितीही सुरेख असली तरी डोळे दिसत नाहीत.

आणखी एक. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका पिवळा. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. दोन्ही लावलेत तर फोन कुठलातरी एकच रंग धरतो. मग मूर्तीची एक बाजू नारिंगी, दुसरी निळसर. ही गडबड नंतर एडिटिंगमध्ये नीट निघत नाही, कारण एकाच चेहऱ्यावर दोन रंग असतात. एका वेळी एकाच जातीचा दिवा.

फ्लॅश बंद. रंगावरचं वॉर्निश, सोनेरी मुलामा, साटीन, प्रत्येक ठिकाणी पांढरा ठिपका मारेल.

पडवीतला

दिवेलागण यांच्या आधीची पायरी राहिली: काच पुसा. तुपाचा हात, कापराची काजळी, उदबत्तीचा धूर, हे सगळं लेन्सच्या काचेवर बसतं. मग प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं, उजेडाच्या रेघा ओढल्यासारख्या येतात, आणि लोक म्हणतात फोन जुना झाला. चष्म्याच्या कापडाने कोरडं पुसा. साडीचा पदर किंवा ओला हात नको. आरतीनंतर पुन्हा पुसा.

दूर्वांकुर

कुठे उभं राहायचं ते मी लिहिते, कारण निम्मे फोटो तिथेच बिघडतात.

लोक मखरापाशी वाकून, दीड फुटावरून काढतात. इतक्या जवळून कॅमेऱ्याच्या पुढे असलेली गोष्ट अवास्तव मोठी दिसते. सोंड आणि पोट पुढे येतात, कान आणि मुकुट लहान होतात. मूर्तिकाराने साधलेलं प्रमाण फोटोत मोडतं. पाच-सहा फूट मागे जा आणि २एक्स (दुप्पट झूम) निवडा. ०.५एक्स फक्त पूर्ण खोली दाखवायला.

फोनमध्ये २एक्सची वेगळी लेन्स नसली तरी घाबरू नका. मुख्य कॅमेरा ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा असेल तर मधला भाग कापून बऱ्यापैकी २एक्स मिळतो. त्याच्या पुढे मात्र बोटांनी ताणत जाऊ नका.

ज्यांच्याकडे ३एक्स किंवा ५एक्सची खरी लेन्स आहे त्यांच्यासाठी एक गंमत: उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर येतो आणि तेच चित्र मोठं करून देतो. पडद्यावर ३एक्सच लिहिलेलं असतं. खात्री करायची तर ३एक्सच्या लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही, तर ती लेन्स कामावर नाही.

उंची: लेन्स मूर्तीच्या डोळ्यांच्या रेषेत, फार तर छातीशी. मूर्ती टेबलावरच्या चौरंगावर असेल तर उभ्याने जमेल. खाली पाटावर असेल तर मांडी घालून बसा. वरून खाली फोन कलवलात की मखराचे खांब तळाशी जवळ येतात, खालून वर कलवलात की शेंड्याशी. सेटिंग्जमध्ये ग्रिड चालू करा आणि खांब त्या उभ्या रेघेला समांतर धरा.

मग चेहऱ्यावर बोट दोन सेकंद दाबून ठेवा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथे बांधले जातात. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की उजळ, खाली सरकवलं की गडद. सोन्याचा मुकुट किंवा चांदीच्या दूर्वा पांढऱ्याफटक दिसू लागल्या की किंचित खाली. थोडा गडद फोटो नंतर उजळता येतो, पांढरा जळलेला भाग परत आणता येत नाही.

निशिगंध

काच पुसली, चक्र बंद केलं, मागे जाऊन २एक्स. गेल्या गौरींचे मुखवटे खिडकीशी ठेवून आत्ता करून बघितलं, फरक लगेच कळतोय. पट्ट्यांचं काय?

हर्ट्झवाडी

पट्टे विजेमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे वाहते आणि प्रत्येक दिशेला एकदा चढते-उतरते. त्यामुळे त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो. शटर फार थोडा वेळ उघडं राहिलं तर काही ओळींना दिव्याचा पूर्ण उजेड मिळतो, काहींना अर्धाच. त्याच त्या पट्ट्या.

उपाय: शटर १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग) ठेवा. प्रत्येक ओळीला एक पूर्ण चढउतार मिळाला की पट्टे संपले.

दिवेलागण

हर्ट्झवाडी, ट्यूब आणि साध्या बल्बांना १/१०० बरोबर. माळांना नाही. बाजारातल्या स्वस्त माळांत वीज एका दिशेने वाहते तेवढ्या वेळच दिवे पेटतात, म्हणजे सेकंदाला ५० वेळाच. तिथे १/१०० ला पट्टे राहतील. १/५० ठेवलं तर माळा आणि ट्यूब दोन्ही सांभाळले जातात. १/६० कशालाच चालत नाही.

माळेच्या डबीवरचं बटण दाबत जा आणि सगळे दिवे स्थिर पेटतात त्या मोडवर थांबा. पळत्या, मिणमिणत्या मोडमध्ये डबी स्वतःच दिवे चालूबंद करत असते, तिथे शटरचं गणित लागू नाही.

हर्ट्झवाडी

मान्य, माळांचा मुद्दा सुटला होता. १/५० लिहून घ्या.

निशिगंध, तुमच्या पहिल्या दोन अडचणी खरं तर एकच आहेत. कमी उजेडात फोन आपणहून १/५० किंवा १/१०० निवडतो. चक्र चौकटीत आलं की त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तो शटर १/२५० किंवा त्याहून आखूड करतो. तेव्हा पट्टे येतात. चक्र बंद केलंत की बऱ्याचदा हेही आपोआप जातं.

नाही गेलं तर प्रो मोड (कॅमेरा ॲपमधला, सगळं हाताने ठरवायचा). त्यात 'एस' म्हणजे शटर: १/५०. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो ते) ४०० पासून सुरू करा. चित्र काळोखं वाटलं तर ८००. दुप्पट आयएसओ म्हणजे फोटो दुप्पट उजळ. १६०० च्या वर बऱ्याच फोनवर दाणे दिसायला लागतात, पडद्याचा लाल रंग तर फारच खरबरीत होतो. 'डब्ल्यूबी'मध्ये (उजेडाचा रंग, केल्विनमध्ये) ट्यूबच्या उजेडाला ६००० च्या आसपास, पिवळ्या दिव्यांना ३०००. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं.

हडसनकाठ

अमेरिकेतल्या मंडळींनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. इथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे १/६० आणि १/१२०. मंडळाच्या हॉलमधल्या दिव्यांनाही तेच. भारतातून आणलेली माळ इथे लावली तरी १/६०, कारण लय विजेची असते, माळेची नाही. (व्होल्टेज वेगळं, तेव्हा थेट खोचू नका.) युरोप, ऑस्ट्रेलिया, आखाती देशांत बहुतेक ठिकाणी भारतासारखंच ५०.

दूर्वांकुर

आता आरती. इथे नाईट मोड हा शत्रू. तो एक ते तीन सेकंद अनेक फ्रेम गोळा करून जोडतो. मूर्ती स्थिर म्हणून ती छान येते, टाळ्या वाजवणाऱ्या माणसांची भुतं होतात. अर्धचंद्राचं चिन्ह दाबून बंद करा. काही फोनवर ते दर वेळी आपोआप चालू होतं, तेव्हा प्रत्येक फोटोआधी बघा.

खोलीतली ट्यूब चालू राहू द्या. फक्त समईच्या उजेडात आरती सुंदर दिसते, पण फोनला ती पेलत नाही.

शटर १/५० वरच. त्यात चेहरे बऱ्यापैकी स्थिर येतात, टाळ्या आणि झांजा किंचित पुसट होतात. ते पुसटपण राहू द्या, आरती चालू आहे हे त्यानेच कळतं. हातही स्थिर हवे असतील तर १/२५०, पण मग आयएसओ पाचपट, आणि पट्टे परत.

जागा महत्त्वाची. मागून काढलं तर नुसत्या पाठी आणि अंबाडे. मखराच्या बाजूला, मूर्तीच्या खांद्यामागे जागा करा आणि लोकांकडे तोंड करून काढा. ताम्हण धरलेल्याच्या चेहऱ्यावर निरांजनाचा उजेड येतो, त्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, ज्योतीवर नाही.

वेळ: ताम्हण ओवाळताना वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला हात क्षणभर मंदावतो. तेव्हा बटण दाबून धरा, सलग आठ-दहा निघू द्या. (काही फोनवर बटण दाबून धरलं की व्हिडिओ सुरू होतो. तिथे बटण कडेला ओढावं लागतं, आधी करून बघा.) लोटांगणाच्या वेळी सगळे स्वतःभोवती फिरतात, तेव्हा सोडून द्या. मंत्रपुष्पांजलीला मात्र सगळे हातात फुलं धरून जवळजवळ निश्चल उभे असतात. सगळ्या कुटुंबाचा फोटो तेव्हाचा. पुष्पांजली संपली की प्रसादाकडे धाव आणि पुन्हा कोणी एका जागी सापडत नाही.

फुलवात

पण समईच्या उजेडातला एक तरी हवाच की! माणसं नसताना. तिपाई नसेल तर डबे रचून फोन टेकवा, ३ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही. पंखा बंद, नाहीतर ज्योत पसरते. समया मूर्तीच्या मागे नकोत. दोन्ही बाजूंना, फूटभर पुढे. प्रो मोडमध्ये आयएसओ २०० ते ४००, शटर १/१० च्या आसपास, रंग ३००० केल्विन. ज्योतीचा खरा रंग साधारण १९०० केल्विनचा. तिथपर्यंत खाली आणलंत तर चित्र ट्यूबखालच्यासारखं पांढरं होतं आणि समईची मजा जाते.

पडवीतला

पोर्ट्रेट मोडबद्दल कोणीच बोललं नाही. मागचा पसारा धूसर करायला तोच वापरावा ना?

दिवेलागण

गणपतीला शक्यतो नको. फोन मूर्तीची कड अंदाजाने कापतो. दूर्वांची टोकं, मुकुटाचे कंगोरे, छत्र, कानामागचं जास्वंद, इथे त्याची हमखास चूक होते आणि अर्धी दूर्वा धुक्यात जाते.

त्याऐवजी मूर्ती पडद्यापासून फूट-दीड फूट पुढे आणा. पडदा आपोआप थोडा धूसर होतो, मूर्तीची सावली त्यावर पडत नाही, आणि साटीनच्या चुण्या कमी टोचतात. (पडद्याला इस्त्री करा. हा या धाग्यातला सर्वांत स्वस्त सल्ला.)

फुलवात

असहमत. बऱ्याच फोनवर नंतर 'एडिट'मध्ये जाऊन धूसरपणा कमी करता येतो. एफचा आकडा (मोठा तितका धूसरपणा कमी) १.४ वरून ५.६ च्या पुढे नेलात की कापलेल्या कडा डोळ्यांत भरत नाहीत. आणि सगळ्यांकडे मूर्ती पुढे घ्यायला जागा नसते, चाळीतल्या खोलीत मखर भिंतीलाच लागतं.

दिवेलागण

जागा नसेल तर ठीक. पण साध्या मोडमधला एक फोटो शेजारी काढून ठेवा.

माटोळी

गोव्याकडच्यांसाठी वेगळा पेच: वर माटोळी. नारळ, सुपारीचे घड, चिबूड, केळीचा घड, सगळं मूर्तीच्या डोक्यावर टांगलेलं, आणि उजेड खाली. माटोळी काळी किंवा मूर्ती जळकी. कसं जमवायचं?

दूर्वांकुर

फोन उभा, मुख्य लेन्स १एक्स, आठ फूट मागे. लेन्सची उंची मूर्ती आणि माटोळी यांच्या मध्यावर ठेवा, म्हणजे फोन कलवावा लागत नाही. स्टुलावर चढून काढा. उजेडासाठी दुसऱ्या फोनचा टॉर्च थेट फळांवर मारू नका. वरच्या पांढऱ्या स्लॅबवर मारा, तो परतून मऊ होऊन खाली येतो. कौलारू घर असेल तर छत उजेड गिळतं, मग पांढरं धोतर किंवा चादर कोणालातरी बाजूला उंच धरायला सांगा आणि त्यावर टॉर्च. वरचं छत खिडकीच्या उजेडात जरा उजळतं, म्हणून माटोळीचा फोटो दिवसाच.

उकड

नैवेद्याचं मी सांगते. उकडीचे मोदक पांढरे, त्यामुळे पांढऱ्या ताटलीत फोन त्यांना राखाडी करतो. सूर्याचं चिन्ह थोडं वर. तांब्याच्या ताटात किंवा केळीच्या पानावर उलटं होतं. गडद पार्श्वभूमी बघून फोन जास्त उजळतो आणि कळ्या पुसून जातात. थोडं खाली.

उजेड मागून-बाजूने, खिडकीचा. समोरून उजेड आला की कळ्या सपाट दिसतात. वाफ दिसायला मागे गडद काहीतरी हवं आणि मोदकपात्र उघडल्यापासून पहिला मिनिटच हाताशी. चौकट आधी बांधून ठेवा, मग झाकण काढा.

फार जवळ गेलात की काही फोन आपोआप ०.५एक्सच्या लेन्सवर जाऊन मॅक्रो करतात, फुलाचं चिन्ह दिसतं. स्वयंपाकघरातल्या उजेडात ती लेन्स मिळमिळीत. चिन्ह बंद करा, फूटभर मागे या, २एक्स.

हर्ट्झवाडी

विसर्जनासाठी थोडक्यात. एसीच्या गाडीतून उतरलात की काचेवर बाष्प धरतं, चार-पाच मिनिटं थांबा. गुलाल काचेवर पडला तर आधी फुंकर, मग कापड, कोरडा गुलाल घासला की चरे पडतात. 'पाण्यात चालतो' असं लिहिलेला फोनही गोड्या पाण्यात तपासलेला असतो, समुद्रात नेऊ नका. सूर्य पाण्यावर टेकलेला असताना आकाशावर बोट दाबून ठेवलंत की मूर्ती डोक्यावर घेतलेली माणसं काळ्या आकृतीत येतात. चेहरे हवे असतील तर सूर्याकडे पाठ करून.

निशिगंध

शेवटची शंका. फोटो प्रिंट करून आजीला द्यायचे आहेत. ५० मेगापिक्सेल चालू करू का?

छापखाना

गरज नाही. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलहून थोडंसं जास्त. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो १२ बाय १६ इंचापर्यंत व्यवस्थित जातो. घरातल्या उजेडात ५० ला दाणे वाढतात, कारण एरवी चार पिक्सेल मिळून एकाचं काम करत असतात.

दोन गोष्टींत मात्र लोक फसतात. फोनचा फोटो ४:३, आणि ४ बाय ६ चं प्रमाण ३:२. उभ्या फोटोत डाव्या-उजव्या कडा मिळून नववा भाग कापला जातो आणि मखराचे खांबच जातात. फोटो काढतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवा.

दुसरं, व्हॉट्सॲपवरून दुकानात साधा फोटो म्हणून पाठवू नका, दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. नाहीतर फाइल एचईआयसी येते आणि बऱ्याच दुकानांतल्या जुन्या मशीनवर ती उघडतच नाही.

आजींसाठी चकचकीत कागद घेऊ नका, मॅट घ्या. ट्यूबखाली चकचकीत फोटोत बाप्पाऐवजी ट्यूबच दिसते.